चार राजांचा समुद्र

पोवळे हा शब्द आपल्याला परका नाही. नवरत्नांत ते आहे, मंगळासाठी अंगठीत ते बसवतात, आजीच्या डब्यातल्या एखाद्या माळेतही त्याचे चार मणी सापडतात. हे लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. अंधाऱ्या कपारींत अगदी सावकाश वाढणाऱ्या एका जीवाचा तो सांगाडा. व्यापाऱ्यांनी तो शतकानुशतके आपल्याकडे आणला आणि पोवळे म्हणजे दागिना अशी आपली समजूत पक्की झाली. ते जिवंत असते, त्याला तोंड असते, भूक असते, हे आपल्या बोलण्यात सहसा येत नाही.

या पोवळ्याचे भाऊबंद उष्ण कटिबंधातल्या उथळ, स्वच्छ पाण्यात गावेच्या गावे वसवतात. त्यांना आपण प्रवाळखडक म्हणतो. समुद्रतळाची एक टक्काही जागा हे खडक व्यापत नाहीत, पण समुद्रातल्या सुमारे पाव जातींना आयुष्यात कधी ना कधी त्यांचा आसरा घ्यावा लागतो. जगभरातले प्रवाळखडक तापत्या पाण्याने आजारी पडत असताना अजूनही धडधाकट असलेला एक टापू या प्रकरणात पाहायचा आहे. बाली पाहून आलेल्या मराठी पर्यटकालाही त्याचे नाव बहुधा ठाऊक नसते. ते नाव आहे राजा अम्पात.

सात अंडी, चार राजे

इंडोनेशियाच्या नकाशावर अगदी पूर्वेला न्यू गिनीचे अजस्र बेट दिसते. त्याच्या पश्चिम टोकाला पक्ष्याच्या डोक्याचा आकार आहे, म्हणून त्या भागाचे नावच ‘पक्ष्याचे डोके’ असे पडले. या डोक्यासमोरच्या समुद्रात दीड हजारांहून अधिक लहानमोठी बेटे विखुरलेली आहेत. वायगेओ, बातांता, सालावाती आणि मिसोओल ही त्यांतली चार मोठी. ‘अम्पात’ म्हणजे चार, आणि ‘राजा’ हा शब्द तर संस्कृतातूनच मलय भाषेत गेलेला. चार राजांचा हा मुलूख.

नावामागे तिथली लोककथा आहे. एका बाईला सात अंडी सापडली. चार अंड्यांतून चार राजपुत्र निघाले आणि ते चार बेटांवर राज्य करू लागले. उरलेल्या तिनांतून एक स्त्री, एक भूत आणि एक दगड निघाला. तो दगड वायगेओ बेटावर आजही जपून ठेवला आहे आणि लोक त्याला मान देतात. पाषाणात देव पाहणाऱ्या आपल्या गावांना ही गोष्ट लगेच समजेल.

निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस १८६० साली याच बेटांवर लाल स्वर्गपक्ष्याच्या शोधात आला होता. एका चिमुकल्या झोपडीत मुक्काम करून त्याने इथले पक्षी गोळा केले. त्याची नजर झाडांच्या शेंड्यांकडे होती. पाण्याखालच्या संपत्तीची शास्त्रीय मोजदाद व्हायला २००१ साल उजाडावे लागले. मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी इथे सर्वेक्षण केले आणि समोर आलेले आकडे पाहून जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष इकडे वळले.

ते आकडे असे. खडक बांधणाऱ्या कठीण प्रवाळांच्या साडेपाचशेहून अधिक जाती इथे आहेत. जगात ज्ञात असलेल्या अशा जातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती या एका टापूत नांदतात. अख्ख्या कॅरिबियन समुद्रात त्या साठ-सत्तरच भरतात. माशांच्या जाती चौदाशेच्या वर. केप क्री नावाच्या एका टोकाशी २०१२ साली ॲलन यांनी एकाच बुडीत ३७४ जातींचे मासे नोंदवले. बुडी म्हणजे पाण्याखालचा जेमतेम तास-दीड तास. तेवढ्या वेळात इतक्या जाती दिसाव्यात ही गोष्ट पुन्हा वाचून पाहावी अशीच आहे.

ओढ हेच अन्न

इतकी समृद्धी इथेच का? पहिले कारण म्हणजे वाहते पाणी. पॅसिफिक महासागरातले पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून वाट काढत हिंदी महासागराकडे जाते. राजा अम्पात या वाटेच्या तोंडाशीच आहे. बेटांमधल्या अरुंद सामुद्रधुन्यांत भरती-ओहोटीची त्यात भर पडते आणि पाण्याला जबर ओढ लागते. वायगेओ आणि बातांता यांच्यामधली डॅम्पियर सामुद्रधुनी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. ही ओढ तळाचे पोषक पाणी वर आणते, त्यावर प्लवक पोसतात, प्लवकांवर लहान मासे, लहानांवर मोठे. प्रवाळांची पिलेही याच पाण्यावर तरंगत दूरच्या खडकांवर जाऊन रुजतात.

दुसरे कारण म्हणजे जागांची विविधता. चुनखडीचे छत्रीसारखे सुळके, त्यांच्या आडोशाला शांत खाड्या, खोल दऱ्या, सागरी गवताची कुरणे आणि कांदळवने, सगळे शेजारी शेजारी. कोकणात कांदळवन म्हटले की गुडघाभर चिखल आठवतो, आणि चिखलात प्रवाळ जगत नाही. इथे काही खाड्यांत पाणी इतके नितळ आहे की कांदळांच्या मुळांवरच प्रवाळ वाढतो. वर पाने, खाली प्रवाळ, आणि दोहोंच्या मधून पोहणारी माशांची पिले, असे दृश्य जगात फार थोड्या ठिकाणी दिसते. या भूरचनेमुळेच राजा अम्पातला २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानांच्या यादीत स्थान मिळाले.

निरोगी खडक कसा ओळखावा

जाहिरातींमुळे आपल्या मनात प्रवाळाचे चित्र ठरून गेले आहे: गुलाबी, जांभळे, निळे. त्यामुळे पहिल्यांदा पाण्यात डोके घालणारा माणूस जरा निराश होतो, कारण समोरचा कठीण प्रवाळ बराचसा तपकिरी, मातकट, हिरवट असतो. तोच रंग आरोग्याचा आहे.

प्रवाळ म्हणजे पॉलिप नावाच्या इवल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येक पॉलिप स्वतःभोवती चुन्याची वाटी बांधतो आणि त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहते. शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे यजमानाला देते. यजमान त्याला घर आणि स्वतःच्या शरीरातली टाकाऊ द्रव्ये खत म्हणून देतो. तपकिरी छटा या भाडेकरूची असते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानाहून एखाद्या अंशाने जरी काही आठवडे जास्त तापले तरी हा संसार मोडतो. पॉलिप शैवालाला बाहेर काढतो, चुन्याचा पांढरा सांगाडा आरपार दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, पण तो उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर सावरतो, नाहीतर मरतो आणि त्यावर केसाळ शेवाळ चढते. म्हणून मातकट रंग दिसला की समाधान मानावे. डोळे दिपवणारे रंग पाहायचेच असतील तर ते मऊ प्रवाळांत, पंख्यासारख्या समुद्रपंखांत आणि माशांच्या अंगावर असतात. राजा अम्पातमध्ये त्यांनाही तोटा नाही.

दुसरी खूण कानांची. निरोगी खडक बोलका असतो. पाण्यात डोके घातले की कढईत काहीतरी तडतडत असल्यासारखा आवाज येतो. तो असंख्य चिमुकल्या कोळंब्यांच्या नांग्यांचा. मधूनच कुरतडल्याचा करकर आवाज येतो. तो पोपट माशाचा. चोचीसारख्या दातांनी तो खडकावरचे शेवाळ खरवडतो, चुना पोटात दळतो आणि बारीक वाळू करून टाकतो. ज्या पांढऱ्या पुळणीवर आपण फोटो काढतो तिच्यातली बरीचशी वाळू अशी तयार झालेली असते. पोपट मासे संपले की शेवाळ माजते आणि प्रवाळाच्या पिलांना रुजायला जागा उरत नाही. आजारी खडक गप्प होत जातो.

तिसरी खूण मोठ्या माशांची. कुठल्याही समुद्रात माणसाच्या जाळ्यात आधी मोठे मासे जातात. म्हणून मुशी म्हणजे शार्क, मोठे हेकरू, राक्षसी पोपट माशांचे कळप दिसले तर समजावे की इथली अन्नसाखळी वरपर्यंत शाबूत आहे. राजा अम्पातमध्ये धक्क्याजवळच्या कमरेएवढ्या पाण्यातही काळ्या टोकांच्या पंखांची मुशीची पिले फिरताना दिसतात.

चौथी खूण वयाची. गावात जशी म्हातारी माणसे आणि रांगती मुले दोन्ही हवीत, तसा खडकावर शतकापूर्वीचा गोलाकार प्रवाळ हवा आणि बोटभर उंचीची नवी रोपेही हवीत. फांद्यांचा प्रवाळ वर्षाला दहा-एक सेंटिमीटर वाढतो, दगडी गोळ्यांसारखा प्रवाळ मात्र वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर. एखाद्याने निष्काळजीपणे पाय ठेवला तर मोडलेले भरून यायला किती वर्षे लागतील, हा हिशोब ज्याचा त्याने करावा.

काय पाहावे

इथला खडक पाहायला प्रत्येकाला स्कूबा यायलाच हवे असे नाही. आर्बोरेक, सावांदारेक, येनबुबा अशा गावांच्या लाकडी धक्क्यांवरून नुसता मुखवटा आणि श्वासनळी लावून उतरले तरी पायाखाली प्रवाळाच्या बागा सुरू होतात. धक्क्याच्या खांबांना चिकटलेले मऊ प्रवाळ, सावलीत दाटीने थबकलेले चांदीसारखे थवे, निळ्या ओठांचे प्रचंड शिंपले, हे सारे दोन-तीन मीटर पाण्यात दिसते.

आर्बोरेकजवळच ‘मांटा सँडी’ नावाची जागा आहे. आपल्या कोळ्यांना ठाऊक असलेल्या पाकटाचे भलेमोठे नातलग, मांटा, तिथे अंग स्वच्छ करून घ्यायला येतात. पंखांचा विस्तार चार मीटरपर्यंत, पण खाणे प्लवकांचे. खडकावरचे लहान मासे त्यांच्या कल्ल्यांतले परजीवी टिपतात आणि मांटा त्या वेळी जागच्या जागी तरंगत राहतो. पाहणाऱ्यांनी वाळूवर आखलेल्या मर्यादेबाहेर गुडघे टेकून शांत बसायचे असा नियम आहे. मांटाची मादी काही वर्षांतून एकदा, तेही बहुधा एकच पिलू देते. असा प्राणी मारला गेला तर त्याची जागा भरायला फार काळ लागतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशोब मांडला होता: बाजारात विकलेला मेलेला मांटा ४० ते ५०० डॉलर मिळवून देतो, तर जिवंत मांटा त्याच्या आयुष्यात पर्यटनातून दहा लाख डॉलरपर्यंत.

रात्रीच्या उथळ पाण्यात आणखी एक नवल भेटते. हातभर लांबीची, ठिपक्यांची मुशी सहसा पोहत नाही, पंखांवर अंग तोलत चालते. स्थानिक लोक तिला ‘कालाबिया’ म्हणतात. ओहोटीला खडकातल्या डबक्यांत प्राणवायू कमी पडतो तेव्हाही ती तग धरते आणि शिकार शोधत एका डबक्यातून दुसऱ्यात जाते.

हे टिकले कसे

हा समुद्र नशिबाने वाचला असे वाटत असेल तर २००० सालाच्या आसपासचा इतिहास पाहावा. बाहेरून येणाऱ्या बोटी इथे सुरुंगाने मासे मारत होत्या, सायनाइडने बेशुद्ध करून पकडत होत्या आणि मुशीचे पर कापून उरलेले धड समुद्रात टाकत होत्या. सुरुंगाने क्षणात मासे हाती येतात, पण मागे प्रवाळाचा नुसता चुरा उरतो, आणि हलत्या चुऱ्यावर नवे काही रुजत नाही.

याला उत्तर आले ते गावांतून. पापुआच्या किनाऱ्यावर समुद्राचे पट्टे कुळांच्या मालकीचे मानले जातात आणि त्यांत ‘सासी’ ही जुनी रीत आहे. एखादा भाग किंवा शेवंड, समुद्रकाकडी, शंखशिंपले यांसारखे एखादे उत्पन्न ठरावीक काळ बंद ठेवायचे, आणि मग सर्वांच्या संमतीने थोडे दिवस खुले करायचे. आज सासी लावताना गावच्या चर्चमध्ये प्रार्थना होते, म्हणून ती मोडायला सहसा कोणी धजत नाही. मिसोओलच्या कापाचोल गावात तर हा कारभार ‘वायफुना’ या बायकांच्या गटाकडे आहे. आपल्याकडे देवराईतली काटकी उचलायची नाही, पावसाळ्यात होड्या शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच बाहेर पडायचे, या रीतींमागची समज हीच होती. निसर्गालाही विसावा लागतो, हे दोन्ही किनाऱ्यांवरच्या लोकांनी स्वतंत्रपणे ओळखले.

या जुन्या रीतीवरच नवे कायदे उभे राहिले. २००७ साली सागरी संरक्षित क्षेत्रांचे जाळे जाहीर झाले. २०१३ साली जवळपास ४६,००० चौरस किलोमीटर समुद्र मुशी आणि मांटा यांच्यासाठी अभयारण्य ठरला. पाठोपाठ २०१४ साली इंडोनेशियाने देशभर मांटाला संरक्षण दिले. मिसोओलच्या दक्षिणेला मुशीचे पर वाळवण्याचा जिथे तळ होता, त्या बेटावर गावकऱ्यांशी करार करून निवासस्थान उभे राहिले आणि आजूबाजूचा सुमारे १,२०० चौरस किलोमीटर समुद्र मासेमारीला पूर्ण बंद झाला. गस्त घालणाऱ्यांत आजूबाजूच्या गावांतलेच लोक आहेत. पर्यटकांकडून घेतले जाणारे प्रवेशशुल्क या गस्तीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामी येते. जवळपास नाहीशा झालेल्या ठिपकेदार झेब्रा मुशीला परत आणण्यासाठी परदेशांतल्या मत्स्यालयांतून अंडी आणून इथे पिले वाढवतात. २०२३ साली त्यांतली पहिली पिले समुद्रात सोडली गेली.

तरीही निर्धास्त राहता येत नाही. मार्च २०१७ मध्ये क्री बेटाजवळ एक पर्यटक जहाज ओहोटीच्या वेळी खडकावर चढले आणि हजारो चौरस मीटर प्रवाळ चिरडला गेला. जहाजातले प्रवासी निसर्ग पाहायलाच आलेले होते. २०२५ मध्ये इथल्या बेटांवरच्या निकेलच्या खाणींविरुद्ध देशभर आवाज उठला. डोंगर उघडा पडला की पावसात माती वाहून येते आणि प्रवाळाचा श्वास कोंडतो. जूनमध्ये सरकारने पाचांपैकी चार परवाने रद्द केले, गाग बेटावरचा एक मात्र राहिला. निकेल आपल्या स्वयंपाकघरातल्या अनेक स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांत आहे आणि विजेवरच्या कित्येक गाड्यांच्या बॅटऱ्यांतही. त्यामुळे हा प्रश्न केवळ तिकडचा म्हणता येत नाही. तापमानवाढीला तर कुठलीच हद्द अडवत नाही. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जागतिक विरंजनाची चौथी लाट जाहीर केली आणि तिची झळ जगातल्या चार पंचमांशाहून अधिक प्रवाळक्षेत्राला बसली.

जाणाऱ्यासाठी

जकार्ता किंवा मकासरहून विमानाने सोरोंग गाठायचे. तिथून वायगेओवरच्या वायसाई गावी फेरीबोट साधारण दोन तासांत पोचवते. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ सोयीचा. जून ते सप्टेंबर वारा आणि लाटा जास्त असतात. राहायला पापुआच्या कुटुंबांनी चालवलेली लाकूड आणि झावळ्यांची घरे आहेत. पाण्यावर खांब रोवून बांधलेली, साधी, जेवणात ताजी मासळी आणि भात. अशा घरात राहिले की पैसा थेट त्या समुद्राच्या मालकांच्या हाती पडतो, म्हणून ज्यांना सोय थोडी कमी चालेल त्यांनी आवर्जून हीच निवडावीत.

कोकणातला कोणीही सांगेल की अमावस्या-पौर्णिमेला उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास भांग. तेच गणित इथे लावावे. उधाणाच्या दिवसांत ओढ जोरदार, मासे भरपूर, पण पाणी अनुभवी माणसाचे. नवख्याने भांगाचे दिवस धरावेत आणि स्थानिक वाटाड्याशिवाय पाण्यात उतरू नये. केप क्रीसारख्या जागा शिकाऊ माणसासाठी नाहीत. या भागात मलेरिया आहे, तेव्हा निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्कूबा केल्यानंतर किमान अठरा तास, शक्यतो पूर्ण एक दिवस, विमानात बसू नये. अंगाला क्रीम चोपडण्याऐवजी पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घालावेत, पाण्यात मिसळणारे रसायन तेवढेच कमी. उभे राहायचे तर वाळूवर, खडकावर कधीच नाही. आणि कितीही सुंदर दिसला तरी शंख तिथेच ठेवून यावा. तो कोणा खेकड्याचे पुढचे घर असतो.

घरचा समुद्र

राजा अम्पात पाहून परतणाऱ्या मराठी माणसाला घरी एक प्रश्न भेटतो: आपल्या समुद्राचे काय? विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, समुद्राच्या पोटात, आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. दर्यासारंग कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याला मिळाले आहे, आणि त्याचा माथा साधारण वीस मीटर पाण्याखाली आहे. तिथे जिवंत प्रवाळ आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात उथळ पाण्यात प्रवाळ आहे. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, पण मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. समुद्र ज्यांच्या पोटाशी बांधलेला आहे त्यांना आधी विचारले नाही तर संरक्षण कागदावरच राहते, हे आपण स्वतःच्या किनाऱ्यावर पाहिले आहे.

राजा अम्पातचा धडा याच ठिकाणी उपयोगी पडतो. तिथे मालकी गावाची राहिली, बंदी गावाने घातली, गस्त गावाने घातली आणि उत्पन्नही गावाला मिळाले. शास्त्रज्ञ आणि सरकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दहा-पंधरा वर्षांत समुद्र भरला. प्रवाळाला आपली भाषा कळत नाही, पण त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना कळते, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय कुठलाही खडक वाचलेला नाही.

म्हणून जमेल त्याने राजा अम्पातला जरूर जावे. पण त्याआधी एकदा मालवणला जावे, गुडघाभर पाण्यात मुखवटा लावून खाली पाहावे आणि होडी चालवणाऱ्या तांडेलाला विचारावे, “काका, तुमच्या लहानपणी इथे काय काय दिसायचे?” तो जे सांगेल ते लिहून ठेवावे. आपल्या समुद्राच्या प्रकृतीची नोंद तिथून सुरू होते.